मोकळ्या तासाला काय शिकवावे?

जून-जुलैच्या सुमारास महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे प्रवेशासाठी जी रांग लागते, तिच्यातील विद्यार्थ्याच्या हाती अलीकडे पूर्वीपेक्षा बराच लांबलचक अर्ज असतो. मुख्य विषय, गौण विषय, मूल्यवर्धित अभ्यासक्रम, कौशल्यवर्धक अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली असे रकान्यामागून रकाने भरीत तो एका ठिकाणी येऊन अडखळतो. त्या रकान्याचे नाव ‘खुला वैकल्पिक विषय’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले, आणि त्याच्याबरोबर हा रकाना आला. त्याचा नियम मोठा उदार आहे. विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा विषय घ्यावा, एवढीच अट. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात तीस तास. साहित्याच्या विद्यार्थ्याने रसायन हुंगावे, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने गाणे ऐकावे, अशी ही कल्पना. विद्यापीठीय शिक्षणाच्या इतिहासात विद्यार्थ्याला इतका मोकळा तास क्वचितच मिळाला असेल.

आता या मोकळ्या तासाला आपण काय शिकवतो, ते पाहावे. ‘अमुक विषयाची ओळख’, ‘तमुक शास्त्राची मूलतत्त्वे’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी शीर्षके बहुतेक ठिकाणी आढळतील. यामागचे गणित सोपे आहे. ज्या विभागाचा कार्यभार कमी पडत असेल, त्याने आपल्या जुन्या अभ्यासक्रमातील पहिली चार प्रकरणे कापावीत, वर ‘ओळख’ हा शब्द डकवावा आणि तो विषय खुला म्हणून द्यावा. अर्थशास्त्राचे विभागही यात मागे नाहीत. कार्यभार टिकला तर पद टिकते आणि पद टिकले तर संसार टिकतो, हे अर्थशास्त्र मला समजते. त्याला हसण्याची माझी इच्छा नाही. परंतु परिणाम असा होतो की, ज्या मुलाने कंटाळून एक विद्याशाखा सोडली, त्याला दुसऱ्या विद्याशाखेतील कंटाळ्याचा पहिला भाग सक्तीने घ्यावा लागतो.

विद्यापीठांनी गमतीचे विषय शिकविल्याने ती बुडत नाहीत, हे इतरांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५३ पासून द्राक्षासवाची पारख शिकविणारा अभ्यासक्रम चालू आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगद्विख्यात तंत्रसंस्थेने १९७१ पासून जानेवारीचा महिना नेहमीच्या अभ्यासक्रमातून मोकळा सोडला. त्या महिन्यात ज्याला जे शिकवावेसे वाटेल त्याने ते शिकवावे आणि ज्याला जे शिकावेसे वाटेल त्याने ते शिकावे. त्याच संस्थेत नेमबाजी, धनुर्विद्या, तलवारबाजी आणि शिडाची नाव हाकणे या चार गोष्टी शिकलेल्याला ‘चाच्या’ची सनद मिळते. आपल्याकडेही अगदीच दुष्काळ नाही. पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पण ती स्वतंत्र दालने. बी.कॉम.च्या दुसऱ्या सत्रातील सामान्य मुलाच्या वाट्याला त्यांतले काही येत नाही.

इस्लामपूरच्या, म्हणजे २०२५ च्या निर्णयानंतरच्या ईश्वरपूरच्या, विद्यार्थ्यापुढे धनुर्विद्या ठेवावी असे माझे म्हणणे नाही. उसन्या गमतीला चव नसते. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, आणि या तीन जिल्ह्यांत शिकण्याजोगे इतके काही पडले आहे की, अभ्यासमंडळाने एक दिवस एसटीतून हिंडून यावे, पुरे.

आरंभ माझ्याच विषयापासून करतो. ‘भिशी’ या नावाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम असावा. या लेखाच्या वाचकांपैकी निम्मे तरी कधी ना कधी भिशीत असतील. शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या कपाटाआड ती चालतेच. वर्गात पंधरा विद्यार्थी, प्रत्येकाने आठवड्याला वीस रुपये द्यायचे, सत्राचे आठवडे पंधरा. दर आठवड्याला तीनशे रुपये जमतील आणि ते लिलावाने एकाला मिळतील. पहिल्याच आठवड्यात एखाद्याला मोबाईलची काच बदलायची घाई असते. तो म्हणतो, मला दोनशे सत्तर चालतील. उरलेले तीस रुपये पंधरा जणांत दोन-दोन रुपयांनी वाटले जातात. पाचव्या आठवड्यात कदाचित बोली दोनशे ऐंशीवर थांबते, आणि शेवटच्या आठवड्यात घेणारा एकच उरल्यामुळे बोलीच लागत नाही. या आकड्यांचा आलेख मुलांनी स्वतः काढला म्हणजे व्याज कशाला म्हणतात, हे फळ्यावर व्याख्या लिहून द्यावी लागत नाही. अर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने १९३० च्या आपल्या ग्रंथात व्याजाचा एक आधार माणसाच्या उतावीळपणात शोधला. तो ग्रंथ बी.ए.च्या मुलाला जड वाटतो, पण शेजारच्या बाकावरील मित्राचा उतावीळपणा त्याला तंतोतंत मोजता येतो. नवव्या आठवड्यात एखादा सभासद पैसे आणायचा थांबेल. (तो थांबावा अशीच प्राध्यापकाची मनोमन इच्छा असावी.) मग विश्वास, जामीन, वसुली आणि १९८२ चा चिट फंड कायदा असे पुढचे घटक आपोआप उलगडतील. या अभ्यासक्रमाला साहित्य लागते ते एक वही आणि तीनशे रुपये. ‘विकासाच्या अर्थशास्त्रा’ची कित्येक पाठ्यपुस्तके मी शिकवली आहेत, त्यांपैकी एकीनेही हा कायदा कोणाला उघडून पाहायला लावला नाही.

दुसरा विषय हरिपूरच्या पेवांचा. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव आहे. तेथील माती अशी की, तीत तीन-चार पुरुष खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असा खड्डा खणला तरी तो ढासळत नाही. आतून शेणाने सारवून, पाला अंथरून त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. कंदील सोडून पाहायचा, तो तेवत राहिला तर माणसाने जायचे. व्यापाऱ्याने हळद पाहायची ती नमुन्यावर, मालाची मालकी बदलायची ती कागदावर, आणि हळद मात्र जमिनीखाली जागची हलत नसे. वखार-पावती, वायदा, साठ्यावरचे कर्ज हे शब्द वाणिज्याच्या पुस्तकात येतात तेव्हा त्यांच्यामागे चित्र नसते. येथे ते पायाखाली आहे, किंवा होते असे म्हणावे लागते. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, हळद कुजली आणि पुढे व्यवहार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण पेव खणणारा, भरणारा, कंदील सोडणारा माणूस कोणत्याही मानांकनात बसत नाही. भूशास्त्र, जीवशास्त्र, वाणिज्य आणि इतिहास यांना एकत्र बसविण्याचे पुष्कळ परिसंवाद होतात, त्यांना ‘आंतरविद्याशाखीय’ असे भारदस्त नाव असते आणि दुपारी जेवण असते. हरिपूरच्या एका खड्ड्यात ही चारी शास्त्रे विनासायास उतरतात.

मिरजेच्या तंबोऱ्याचेही तसेच. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळाले. भोपळा निवडणे, लाकूड मुरवणे, घोडी बसवणे हे सारे डोळ्यांनी पाहता येते; जवारी काढणे मात्र कानाने करावे लागते. घोडीचा पृष्ठभाग केसभर कमी-जास्त घासला तरी सूर बसका होतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात आणि एकाएकी तंबोरा बोलू लागतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी, तेथे ज्यांचा निस्पंद पडतो ते स्वरांश उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम; तंबोऱ्यात ते उमटतात, असे रामन यांना आढळले. मिरजेच्या आळीतील कारागिराने न वाचलेल्या नियमाचा भंग तो रोज करतो, हे भौतिकशास्त्राच्या मुलाला कोणी सांगितले तर तो तासाला पळून जाईल असे मला वाटत नाही. कला शाखेच्या मुलाने तर या निमित्ताने आयुष्यात एकदा तरी आलेख पाहावा.

लहानसहान विषय तर किती सुचतात! तासगावचा बेदाणा चाखून त्याची प्रत ठरवणे हा कॉर्नेलच्या द्राक्षासवाला आमचा सोवळा पर्याय. ‘गुंठा पायांनी मोजणे’ हा दुसरा. तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे शेतकऱ्याच्या पदवीधर मुलाला ठाऊक असते. पण वडिलांच्या नावाचा सातबारा पुढे ठेवला तर त्यातील इतर हक्कांचा रकाना त्याला वाचता येत नाही. तीस तासांत तो वाचता येऊ लागला तर भाऊबंदकीतले काही खटले तरी समजुतीने मिटतील. तिसरा विषय एसटीच्या वेळापत्रकाचा. महाविद्यालयाचे वेळापत्रक प्राचार्य ठरवतात असा समज आहे. वस्तुतः ग्रामीण भागात ते आगारप्रमुख ठरवतात. वाळव्याच्या किंवा शिराळ्याच्या बाजूची शेवटची सोयीची गाडी चुकली की मुलीचे शिक्षण थांबते, हे घरोघरचे सत्य आहे. किती गाड्या, किती चालक, किती गावे, किती पासधारक मुली एवढी सामग्री घेऊन नवे वेळापत्रक रचणे ही गणिताची उत्तम मेजवानी आहे आणि तिचे उत्तर आगारात नेऊन देता येते.

यापुढचा विषय थोडा निराळा आहे. विटे, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबाने शुद्ध करून, कस लावून देण्याचा हा धंदा. मागे एकदा मी भांडवलनिर्मितीवर बोलत होतो आणि उदाहरणादाखल पुस्तकातील कारखाना सांगत होतो. तास संपल्यावर खानापूरकडची एक विद्यार्थिनी बाहेर भेटली. तिचे काका तामिळनाडूत गलाईच्या दुकानात. गावाकडून एखादा होतकरू मुलगा बोलावून घेतात, तो काही वर्षे हाताखाली काम करतो, तिकडची भाषा शिकतो, मग जाणती मंडळी थोडे सोने उधार देऊन त्याला दुसऱ्या गावी दुकान घालून देतात; कागद होत नाही, आणि सहसा कोणी बुडवत नाही, कारण बुडवून गावी परत येता येत नाही. हे सर्व तिने चार-पाच मिनिटांत, उभ्याउभ्या सांगितले. मी विचारले, “हे तासाला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “सर, ते सिलॅबसमध्ये नाही ना.”

तिच्या या उत्तरात आपल्या विद्यापीठांचे सारे दुखणे आले आहे. मुलांची अशी पक्की समजूत झाली आहे की, ज्ञान म्हणजे दुसरीकडून येणारी वस्तू. आपल्या घरात, गल्लीत, आजोबांच्या बोलण्यात जे आहे ते ज्ञान नव्हे. आणि ही समजूत आम्हीच करून दिली. गलाईचा अभ्यासक्रम मी असा कल्पितो की, प्रत्येक मुलाने एक गाव घ्यावे, त्या गावातील कोणते घर देशाच्या कोणत्या शहरात गेले याचा नकाशा काढावा, आणि कोण कोणाच्या हाताखाली शिकले याची वंशावळ मांडावी. पंधरा मुलांचे पंधरा नकाशे एकावर एक ठेवले तर काय दिसेल, हे मला आज सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही म्हणूनच तो अभ्यासक्रम मला हवासा वाटतो. विषयातील गंमत करमणुकीत नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर मास्तरांच्या वहीतही नाही, तो प्रश्न वर्गापुढे आला की मुले पुढे सरकून बसतात. एरवी उत्तर गाईडात असते, आणि ते तेथे आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते.

याच न्यायाने मी यादीत ‘कोयता’ हा विषय घालीन, जरी तो हसण्याचा नाही. जानेवारीत आमच्या भागातले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरलेले असतात. बीडकडून आलेल्या टोळ्या फडात उतरलेल्या असतात. त्यांच्या हिशेबात एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीवर आणि मजुरी फिटते ती टनावर. बाईची मजुरी वेगळी मोजण्याची सोयच या मापात नाही. श्रमाच्या अर्थशास्त्रात ‘श्रमिक’ हे एकक आपण बिनदिक्कत वापरतो. येथे एककच दोन माणसांचे आहे. वाढे विकून चार पैसे मिळतात ते कोणाच्या हाती जातात, थंडीत पहाटे फडावर निघताना मूल कोठे ठेवतात, तोडणीयंत्र आल्यावर उचल घेणाऱ्याचे काय झाले, हे विचारायला परदेशी जावे लागत नाही; महाविद्यालयाच्या फाटकातून बाहेर पडून सायकलवर जाता येते. ज्या मुलांच्या घरचा ऊस ही माणसे तोडतात, ती मुले त्यांच्याशी आयुष्यात दोन वाक्ये बोललेली नसतात. आपल्या मातीच्या अभिमानाचे अभ्यासक्रम फार लवकर भाषणांत रूपांतरित होतात. कोयता त्यांना जागेवर ठेवील.

विद्यापीठाची प्रतिष्ठा याने कमी होईल असे म्हणणारे भेटतील. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण द्यावी. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आमच्याच वाळवा तालुक्यातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना देशापुढे ठेवली. सातारच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून मुले हाताने काम करून पदवी मिळवीत. त्या योजनेने पिढ्या घडवल्या, पण एक गोष्ट राहूनच गेली. सकाळी शेतात जे कळले ते दुपारी वर्गात कधी विषय म्हणून आले नाही. श्रमाने फी भागली, गुण मात्र पुस्तकालाच मिळाले. आता श्रेयांकांची व्यवस्था ते दार उघडून देत आहे, कारण प्रात्यक्षिकाच्या तीस तासांनाही ती एक श्रेयांक मोजते.

खरी अडचण प्रतिष्ठेची नाही, शिकवणाऱ्याची आहे. पेवात उतरलेल्या माणसाकडे सेट-नेट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट नाही. नियमाचा कागद चांगला आहे. मात्र तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कंपनीचा निवृत्त अधिकारी होता, हमाल किंवा तंबोऱ्याचा कारागीर नव्हता. दुसरीकडे सेट-नेट झालेली मुले तासिका तत्त्वावर, महिनोन्‌महिने थकणाऱ्या मानधनावर शिकवीत आहेत. त्यांच्या तासांतून कापून कारागिराला तास द्यायचा असेल तर मी या योजनेच्या विरुद्ध उभा राहीन. प्रत्येक अभ्यासक्रमाला दोघे असावेत: एक जाणता, एक तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक, आणि दोघांनाही पूर्ण मोबदला. याला पैसे लागतील. फुकटची गंमत शेवटी कोणा तरी गरिबाच्या खिशातून जाते, एवढे अर्थशास्त्र मी विसरलेलो नाही.

राहता राहिली परीक्षा. डेन्मार्कमध्ये ग्रुंडटव्हिग यांच्या प्रेरणेने १८४४ मध्ये पहिले लोकविद्यालय निघाले. या विद्यालयांत परीक्षा नाही, गुण नाहीत, आणि तरीही त्या देशाच्या शेतकऱ्याला त्यांनी शहाणे केले. आपल्याकडे परीक्षेवाचून श्रेयांक मिळणार नाही, हे उघड आहे. पण भिशीवर पाच गुणांच्या टीपा आणि पेवावर ‘योग्य पर्याय निवडा’ असे प्रश्न निघाले की सहा महिन्यांत त्यांची गाईडे निघतील. प्रकल्प म्हणावा तर तो पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळे. आता संगणकाला नुसते सांगितले की तो लिहून देतो. म्हणून विद्यार्थ्याने एकच पान द्यावे. त्यावर तो कोठे गेला, कोणाला भेटला आणि पूर्वी कोणी लिहून न ठेवलेली कोणती एक गोष्ट त्याला कळली, एवढेच असावे. एखाद्या वाडीतील किती घरे गलाईसाठी बाहेर गेली, हे संगणकाला अजून कोणी सांगितलेले नाही.

नवा विषय सुचविण्याच्या छापील नमुन्यात उद्दिष्टे, घटक, प्रत्येकाचे तास असे सर्व असते आणि अखेरीस संदर्भग्रंथांचा रकाना असतो. भिशीसाठी तो भरता येईल. तंबोऱ्यासाठी रामन यांचा निबंध आहे. पेवांच्या अभ्यासक्रमाशी मात्र लेखणी अडते. हरिपूरच्या दोन-चार वृद्धांची नावे त्या रकान्यात लिहिली तर चालतील काय, असे अभ्यासमंडळाला एकदा विचारले पाहिजे. तेही येत्या सत्राच्या आतच, कारण कंदील सोडून पेवात उतरलेली ती मंडळी आता बहुतेक सत्तरीपलीकडची आहेत.